पॉइंटवरून सीडीआयवर: वडिलांच्या चेतकचा माझा अनुभव

गेल्या मे महिन्यात अंबाजोगाईहून लातूरला निघालो होतो. रेणापूर फाट्याच्या अलीकडं चेतक स्कूटरनं दोन हिसके दिले आणि बंद पडली. दुपारचे दीड वाजलेले. गाडी वाकडी केली, सरळ केली, किका मारून पाय दुखला, पण दाद देईना. बाभळीच्या सावलीत अर्धा तास थांबलो. इंजिनाला हात लावता येऊ लागला तेव्हा पहिल्या किकला चालू झाली आणि पाच-सहा किलोमीटरवर पुन्हा तेच.

हे दुखणं मला पाठ झालं होतं. गार असताना चालते, तापली की मरते, गार झाली की परत चालते. कंडेन्सर गेला, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी दाबणारी छोटी डबी. वर्षातला तिसरा.

गाडी वडिलांची, 1988 ची. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. डिकीत फट मोजायचं एक फिलर गेजचं पातं आणि पॉलिश पेपरची घडी कायम असायची. मॅग्नेट म्हणजे इंजिनासोबत फिरणारं चुंबकाचं चाक. त्याच्या खिडकीतून पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी टोकं, बघायचे, हलक्या हातानं घासायचे, गॅप 0.4 मिलिमीटरला आणायचा आणि निघायचं. रस्त्यात कुठंही होणारं काम. म्हणून पॉइंट काढून टाकायचं मनात कधी आलं नव्हतं, आणि आजही पॉइंटला मी वाईट म्हणणार नाही.

त्या रात्री घराच्या मागं अंधारात फॅन कव्हर काढून मुलाला किक मारायला लावली आणि खिडकीतून बघितलं. पॉइंट उघडला की टोकांमध्ये निळी-पांढरी लखलख. मॅग्नेटसोबत फिरणारा कॅम पॉइंट उघडतो, करंट तुटतो आणि त्याच क्षणी प्लगला ठिणगी पडायला पाहिजे. कंडेन्सर धड नसला की तो जोर पॉइंटवरच जळून जातो. टोकांवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ उठलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या मेकॅनिक चाचांकडं गेलो. वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला त्या 1985 च्या सुमारास ते औरंगाबादला काम शिकले. त्यांनी कंडेन्सर हातात घेऊन फिरवला.

"सर, गुरुजींच्या गाडीचे पॉइंट चांगलेच हायत. पण आता कंडेन्सर धड भेटंना गेलाय. डबीतून नवा काढला तरी दोन महिन्यात जातोय. किती बदलायलाव? इलेक्ट्रॉनिक करून टाका."

त्यांची अट एकच होती. मॅग्नेटखालची कॉइलची प्लेट, मॅग्नेट आणि सीडीआय, म्हणजे पॉइंटच्या जागी ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी, एकाच गाडीचं आणायचं. पॉइंटच्या मॅग्नेटखाली इलेक्ट्रॉनिकची प्लेट बसवून चालत नाही, कारण पल्सर कॉइलला, म्हणजे ठिणगी कधी पाडायची ते सीडीआयला कळवणाऱ्या कॉइलला, इशारा देणारी रचना त्या मॅग्नेटवरच असते. अर्धं जुनं, अर्धं नवं करून लोक महिनाभर गाडी उभी ठेवतात आणि शेवटी सीडीआयला दोष देतात, असं ते म्हणाले. हे मला लाखमोलाचं वाटलं.

लातूरला एका भंगारवाल्याकडं नंतरच्या इलेक्ट्रॉनिक मॉडेलची चेतक मोडायला आली होती. तिचा पूर्ण सेट उचलला, तारांच्या गुच्छासकट. मीटर सोबत नेला होता. सीडीआयला वीज पुरवणाऱ्या चार्जिंग कॉइलची तार केसासारखी बारीक असते. ती आतून तुटलेली नाही एवढं तिथंच तपासलं.

रविवारी सकाळी चाचांच्या गॅरेजवर बसलो. नट सैल केला, पुलर लावला, आवळत गेलो आणि "टक" असा आवाज होऊन मॅग्नेट सुटलं. इथं हातोडी मारायची नाही. क्रँक वाकतो आणि ठोके खाऊन मॅग्नेटची ताकदही उतरते. आत बघितलं तर सगळं काळं, ओलसर. मॅग्नेट बाजूचं ऑइल सील झिरपत होतं. पॉइंट सारखे घाण का व्हायचे, त्याचं अर्धं उत्तर तिथं होतं. जुनी प्लेट काढल्यावर सील बाहेरूनच बदलता येतं. ते बदललं. एवढं उघडून सील तसंच ठेवणं म्हणजे कामाशी बेइमानी.

मग टेपर, म्हणजे मॅग्नेट बसतं ते क्रँकचं निमुळतं टोक. दुसऱ्या गाडीचं मॅग्नेट आपल्या क्रँकवर पूर्ण टेकतं का, हे बघितल्याशिवाय नट आवळू नये. चाचांनी टेपरवर निळ्या रंगाचा पातळ हात मारला, मॅग्नेट दाबून काढलं. रंग वरच्या कडेलाच उठला होता. व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट लावून, मॅग्नेट जागेवर धरणारी क्रँकच्या खाचेतली छोटी चावी काढून ठेवून, त्यांनी मॅग्नेट हातानं मागं-पुढं फिरवत बसवलं. पुसून पुन्हा रंग. चौथ्या वेळी टेपरभर सारखा डाग आला. या कामाला पाऊण तास गेला. टेपर नीट टेकलेला नसला तर सगळा भार त्या इवल्या चावीवर येतो आणि ती कापली जाते.

वायरिंगला मात्र मी घाई केली. जुनी गाडी सहा व्होल्टची, नवा सेट बारा व्होल्टचा. रेग्युलेटर बसवला, हेडलाइट, टेललाइट आणि हॉर्न बदलला. पायलटचा छोटा बल्ब विसरलो. तो पहिल्याच फेरीत उडाला. गाडी बंद करायची पद्धत दोन्हींत एकच आहे, एक तार बॉडीला लावायची, त्यामुळं चावीचा स्विच जुनाच चालला.

प्लग काढून बॉडीला टेकवला आणि किक मारली. करंट आला, पण मलूल. चाचांनी सीडीआयचा स्क्रू काढला. खाली रंगाचा जाड थर, त्यामुळं बॉडीशी जोड नीट नव्हता. पॉलिश पेपरनं पत्रा उघडा होईपर्यंत घासला, परत आवळला. आता चटचट आवाज उन्हातही ऐकू येत होता. प्लग बॉडीला न टेकवता किक मारू नका, हे चाचांनी तेव्हाच बजावलं. करंटला वाट मिळाली नाही तर सीडीआय जाऊ शकतो, आणि हात लागला तर झटका पॉइंटच्या गाडीपेक्षा फार जोराचा बसतो.

तिसऱ्या किकला चालू झाली, पण पुढच्या वेळी किकनं पायाला उलटा हिसका दिला. टायमिंग पुढं गेलेलं, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत होती. पॉइंटच्या गाडीला बल्ब लावून टायमिंग बघता यायचं, इथं प्रत्येक ठिणगीसोबत चमकणारा टायमिंग लाइट लागतो. आमच्या गाडीला बॅटरी नाही, म्हणून शेजारच्या मोटारसायकलच्या बॅटरीवरून तो जोडला. त्या मॉडेलचं माप चाचांच्या वहीत होतं, त्यावरून मॅग्नेटवर आणि केसिंगवर पांढऱ्या खुणा केल्या. मॅग्नेट समोरून घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. प्लेट त्याच दिशेला सरकवली की ठिणगी उशिरा पडते, उलट सरकवली की लवकर. जेमतेम दोन मिलिमीटर सरकवावी लागली. आधी थोडं अंतर राखून पळणाऱ्या खुणा लाइटच्या उजेडात एकमेकींसमोर येऊन थांबल्या. ते बघून अंगावर काटा आला.

त्याच आठवड्यात मुद्दाम दुपारी एकला निघून लातूर गाठलं. गंजगोलाईत एक चक्कर मारली, चहा घेतला, लगेच परतलो. रेणापूर फाटा कधी मागं पडला कळलं नाही. सकाळी आता दुसऱ्या किकला लागते आणि उभी असताना आवाज एका लयीत राहतो.

एक गोष्ट गेली ती गेलीच. सीडीआय बंद पडला तर रस्त्याच्या कडेला बसून तो दुरुस्त होणार नाही. त्यासाठी एक जादा सीडीआय मिळवून, गाडीवर चालवून बघून, डिकीत ठेवलाय. मूळ वायरिंग कुठंही कापलेलं नाही, नवा गुच्छ वेगळा बांधलाय. जुनं मॅग्नेट, प्लेट आणि पॉइंट तेलाच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात आहेत. वडिलांनी डबा उघडून बघितला, फिलर गेजचं पातं त्यात ठेवलं आणि पॉलिश पेपर मात्र डिकीत परत टाकायला सांगितला.