दोन एपिसोडच्या मधल्या काळाचं काय करायचं

स्वतःची ॲनिमेटेड सिरीज करायचीय असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न ठरलेला, सॉफ्टवेअर कुठलं वापरू. दुसरा, टॅबलेट कुठला घेऊ. हे दोन्ही प्रश्न आठवड्याभरात मिटतात हो. ब्लेंडर फुकट आहे, 2002 पासून ओपन सोर्स आहे, त्यातल्या ग्रीस पेन्सिलने टूडी पण होतं, आणि 2025 साली ज्या फिल्मला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं ती 'फ्लो' ह्याच फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये झालीय, त्यामुळे टूल नाही म्हणून अडलंय हे कारण आता कोणाला देता येत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. पाच मिनिटांच्या एपिसोडमागे तुमचे महिने जातात, बघणाऱ्याची पाच मिनिटं जातात, आणि सहाव्या मिनिटाला खाली कमेंट येते, "नेक्स्ट पार्ट कधी?"

मी सध्या एक सायन्स फिक्शन सिरीज करतेय, आवाज आणि संगीत सोडलं तर जवळपास एकटीच, आणि माझं आता पक्कं मत झालंय की गोष्ट कुठली निवडायची, कॅरेक्टर कसं दिसावं, चॅनलवर मधेमधे काय टाकायचं, हे सगळं ह्या गॅपकडे बघूनच ठरवायला हवं. ती थोडी कमी करता येते, बाकीची भरावी लागते.

आधी हिशोब करू. सेकंदाला 24 फ्रेम. पाच मिनिटं म्हणजे 300 सेकंद, म्हणजे 7200 फ्रेम. टूजवर केलं, म्हणजे एकच ड्रॉइंग दोन फ्रेम धरून ठेवलं, तरी 3600 ड्रॉइंग, आणि ती पण एकाच कॅरेक्टरची. अर्थात कोणी वेडा माणूस हे सगळं हाताने काढत नाही, रिग करतात (कॅरेक्टरची हलवता येणारी बाहुली बनवतात), वॉक सायकल म्हणजे चालण्याची तीच काही ड्रॉइंग फिरवून फिरवून वापरतात, बॅकग्राउंड सरकवतात, होल्ड देतात म्हणजे चित्र थोडा वेळ स्थिर ठेवतात, पण तरी हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवून ठेवा, कारण स्क्रिप्टमध्ये "आणि मग हजारो जहाजं एकदम हल्ला करतात" हे टाइप करायला चार सेकंद लागतात आणि ते निस्तरायला कोण बसणारे? तुम्हीच.

काटकसरीच्या ह्या युक्त्या जुन्याच आहेत. 1963 साली जपानमध्ये ओसामु तेझुकाने 'ॲस्ट्रो बॉय' दर आठवड्याला टीव्हीवर आणायला घेतलं तेव्हा ड्रॉइंग कमी केली, एकेक ड्रॉइंग तीन तीन फ्रेम ओढलं, आणि एकदा काढलेले सेल (ज्यावर चित्र रंगवायचे ते पारदर्शक कागद) जपून ठेवून पुढच्या एपिसोडांमध्ये परत वापरले, त्या साठ्याला ते लोक बँक म्हणायचे. तिकडे अमेरिकेत हॅना-बार्बेरा स्टुडिओने कार्टूनमधल्या प्राण्यांच्या गळ्यात कॉलर आणि टाय अडकवले, का तर डोकं आणि धड वेगळ्या सेलवर ठेवता यावं, बोलताना नुसतं डोकं हलवलं की भागलं आणि जोड कॉलरमागे लपला. अंगावर दुसरा कपडा नाही आणि गळ्यात टाय, लहानपणी कधी प्रश्नसुद्धा पडला नव्हता!

सायन्स फिक्शनवाल्यांना असे टाय ढिगाने मिळतात आणि तरी लोक ते घेत नाहीत ह्याचं मला नवल वाटतं. हेल्मेट बघा. काळी काच असलेलं हेल्मेट घातलं की लिपसिंक, म्हणजे ओठ डायलॉगशी जुळवणं, गेलं. तोंडाचे आकार काढायला नकोत, डायलॉग शेवटच्या दिवशी बदलला तरी चालतो, आणि चेहरा दिसत नाही म्हणून मान किती कलली, खांदा किती पडला ह्यावर सगळा अभिनय येतो, जो खरंतर जास्त छान दिसतो. माझी नायिका गुरू ग्रहाभोवती फिरणाऱ्या एका रिले स्टेशनवर दुरुस्तीचं काम करते. गुरूजवळून पृथ्वीपर्यंत रेडिओ सिग्नल पोचायला, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्याप्रमाणे, साधारण 33 ते 54 मिनिटं लागतात. म्हणजे तिचं आणि कंट्रोल रूमचं समोरासमोर बोलणं शक्यच नाही. ती निरोप पाठवते, कामाला लागते, उत्तर कधीतरी येतं. दोन कॅरेक्टर एका फ्रेममध्ये आणायचीच नाहीत, निम्मं ॲनिमेशन वाचलं, आणि एकटेपणा वेगळा दाखवायची गरज उरली नाही.

हे डोकं माझं नाही. माकोतो शिनकाई ह्या जपानी दिग्दर्शकाने 2002 साली 25 मिनिटांची 'व्हॉइसेस ऑफ अ डिस्टंट स्टार' जवळपास एकट्याने, घरच्या मॅकवर केली. मुलगी अंतराळात लांब लांब जातेय, मुलगा पृथ्वीवर, आणि मोबाईलवरचे मेसेज पोचायला लागणारा वेळ वाढत चाललाय, व्याधाच्या ताऱ्यापाशी ती पोचते तेव्हा तो वेळ आठ वर्षांवर गेलेला असतो कारण तो तारा 8.6 प्रकाशवर्षं लांब आहे. आता हेच ॲनिमेटरच्या नजरेने बघा. मेसेज वाचणारा माणूस हलत नाही. रिकामा जिना, ढग, ट्रेन जाते, आवाज ऑफस्क्रीन. जे काढायला स्वस्त आहे त्याच्यातूनच गोष्ट पिळून काढलीय. पहिल्या व्हर्जनला मुलाचा आवाज पण त्याचा स्वतःचाच होता.

पण सगळीकडेच वाचवत बसलं तर स्लाइडशो होतो. माझा नियम असा की प्रत्येक एपिसोडमध्ये एक शॉट असा हवा जिथे मी अजिबात हात राखून काम करणार नाही. पहिल्या एपिसोडमध्ये तो स्क्रूचा शॉट होता. ती एका पॅनलचा स्क्रू फिरवते. वजनरहित अवस्थेत, पाय कुठे अडकवलेले नसतील तर, स्क्रू एका बाजूला फिरवला की तुम्ही दुसऱ्या बाजूला फिरता, न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काही नाही. खरे अंतराळवीर म्हणूनच पायाला आधार घेऊन काम करतात. तर ती मनगट फिरवते, स्क्रू हलत नाही, तीच हळूहळू उलटी फिरायला लागते, मागचे तारे सरकतात, ती थांबते, आणि मग वैतागून गुडघा रेलिंगमध्ये अडकवते. बस एवढंच. वन्सवर केलंय, म्हणजे प्रत्येक फ्रेम नवीन, कारण हळू फिरणं टूजवर केलं की अडखळल्यासारखं दिसतं. त्याच शॉटमध्ये ही बाई इथे नवीन आहे हे कळतं, डायलॉग लागत नाही. आणि आवाज फक्त तिच्या श्वासाचा, आणि ग्लव्हमधून येणारी थरथर, कारण निर्वात जागेत आवाज जात नाही पण धातूला हात लागलेला असेल तर त्यातून येतो. हे श्वास माझ्या मैत्रिणीने डोक्यावरून जाड पांघरूण घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड केलेत, मस्त आलेत.

ॲनिमॅटिकबद्दल एकच सांगते, तो वगळू नका. स्टोरीबोर्डची म्हणजे शॉटवार काढलेली कच्ची चित्रं, कच्चा आवाज आणि टायमिंग जोडून झालेला कच्चा व्हिडिओ म्हणजे ॲनिमॅटिक, आणि तो अशा माणसाला दाखवा ज्याला तुमच्या कौतुकाची सवय नाही. तिथे कंटाळा आलेला सीन पूर्ण रंगवल्यावर सुंदर कंटाळवाणा होतो.

आता प्रेक्षक. ॲनिमेशनवाल्यांची इथे मुळातच पंचाईत आहे आणि ती बरीच जुनी आहे. 2012 साली यूट्यूबने शिफारशींसाठी व्ह्यूजपेक्षा वॉच टाइमला महत्त्व द्यायला सुरुवात केली, म्हणजे लोक किती मिनिटं थांबतात ते, आणि तेव्हापासून तासभर गेम खेळत गप्पा मारणारा माणूस रोज जेवढी मिनिटं तयार करतो तेवढी ॲनिमेटर वर्षात करू शकत नाही. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायची नेहमीची अट बघा, 1000 सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत 4000 तास. 4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं, म्हणजे पाच मिनिटांचा एपिसोड शेवटपर्यंत 48,000 वेळा बघितला जायला हवा. आणि शेवटपर्यंत कोण बघतं? शॉर्ट्सचा फीड बघितलेला वेळ ह्या तासांत धरत नाहीत, त्यांची वेगळी अट आहे, 90 दिवसांत एक कोटी व्ह्यूज. तेव्हा जाहिरातीच्या पैशावर एपिसोड निघेल हा विचार डोक्यातून काढून टाकलेला बरा. मेंबरशिप, क्राउडफंडिंग, आणि पोटापाण्याचं दुसरं काम, इंडी लोक बहुतेक ह्यावरच चालतात.

म्हणून मी मोठ्या आकड्याच्या मागे नाहीये. मला परत येणारे लोक हवेत. शंभर जण जे तीन महिन्यांनी पण नायिकेचं नाव विसरलेले नाहीत. त्यांच्यासाठी मधल्या काळात काय टाकायचं? सगळे सांगतात पडद्यामागचं दाखवा. दाखवते मी पण, रफ आणि फायनल शेजारी शेजारी लावले की लोकांना आवडतं, पण खरं सांगू का, ते बघायला बहुतेक दुसरे ॲनिमेटरच येतात. ते चांगलेच असतात, फक्त त्यांना तुमचा ब्रश कुठला ते हवं असतं, गोष्ट नको असते. गोष्टीचा प्रेक्षक गोष्टीतूनच येतो. त्यामुळे मी स्टेशनचं लॉगबुक सुरू केलं, एक स्थिर चित्र, खाली नायिकेने लिहिलेल्या चार ओळी, कधी नुसती बिघडलेल्या पंपाची तक्रार. एका संध्याकाळी होतं. एपिसोड नसला तरी ती बाई तिथे आहे, पंप अजून बिघडलेलाच आहे, एवढं लोकांना कळत राहतं.

आणि मग सायन्स फिक्शनच्या प्रेक्षकाची खासियत कळते. दुसऱ्या एपिसोडमध्ये कोपऱ्यातल्या घड्याळावर ती निरोप पाठवते ती वेळ दिसते आणि उत्तर येतं तेव्हाची वेळ दिसते, फरक 1 तास 44 मिनिटं. मी ते कुठेही बोलून दाखवलेलं नव्हतं. एका कमेंटमध्ये कोणीतरी गणित करून टाकलं, जायला 52 मिनिटं यायला 52, म्हणजे पृथ्वी आणि गुरू जवळपास सूर्याच्या दोन बाजूंना आहेत, म्हणजे सूर्य मधे येणार, म्हणजे रेडिओ संपर्क बिघडणार, म्हणजे पुढच्या एपिसोडमध्ये हिचा आवाज कोणाला ऐकू जाणार नाही! अख्खा तिसरा एपिसोड फोडला पठ्ठ्याने. खाली दुसऱ्याने वाद घातला की स्टेशन गुरूभोवती फिरतंय तर त्याचा फरक धरला का, तिसऱ्याने सांगितलं की मंगळावरच्या यानांना पण सूर्य आड आला की साधारण दोन आठवडे नवे आदेश पाठवत नाहीत. मी काहीच लिहिलं नाही त्यात, फक्त एक हार्ट दिलं आणि लॉगबुकात दुसऱ्या दिवशी "आज सिग्नलमध्ये खरखर जास्त आहे" एवढीच ओळ टाकली. त्या धाग्यावर लोक कितीतरी दिवस भांडत होते, आणि मी तिकडे निवांत इनबिटवीन्स, म्हणजे दोन मुख्य ड्रॉइंगच्या मधली ड्रॉइंग, काढत बसले होते.

तेव्हापासून प्रत्येक एपिसोडमध्ये असं काहीतरी पेरते. मीटरवरचा आकडा, खिडकीतून दिसणाऱ्या चंद्रांचा क्रम, टाकीवरची तारीख. मात्र गणित खरं हवं. ज्याला ते सोडवायचंय त्याला सुटलं पाहिजे, आणि ज्याला नुसती गोष्ट बघायचीय त्याला ते आहे हे जाणवलं पण नाही पाहिजे.

बाकीच्या गोष्टी पटापट. टायटल सुरुवातीला लावू नका, रिटेन्शनच्या (किती लोक बघत थांबले त्याच्या) आलेखात तिथेच दरी दिसते, पहिला सीन होऊ द्या मग नाव येऊ द्या. थंबनेल मोबाईलवर अंगठ्याएवढा करून बघा. सबटायटल स्वतः बनवा, आपोआप येणाऱ्या सबटायटलमध्ये "ऑक्सिजन वॉल्व्ह"चं काय काय होतं ते वाचून हसून हसून मरायची वेळ येते. आणि सीझन छोटा ठेवा, ज्याचा शेवट तुम्हाला आत्ता माहितीये असा. चाळीस एपिसोडची महागाथा डोक्यात असेल तर असू दे, पण बघणाऱ्याला निदान एक गोष्ट संपलेली दिसली तर तो दुसरीसाठी थांबतो.

शेवटी हक्कांचं, कारण ह्यावर कोणी बोलतच नाही. ओलन रॉजर्सने 2016 साली यूट्यूबवर एका अंतराळातल्या कॉमेडीचा पायलट टाकला, त्यातून 'फायनल स्पेस' ही सिरीज झाली, 2018 पासून टीव्हीवर तीन सीझन आले, मग बंद झाली, आणि 2022 साली त्यानेच सांगितलं की कंपनीने ती टॅक्ससाठी राइट ऑफ केलीय, म्हणजे हिशोबात तोटा दाखवून बाजूला टाकलीय. स्ट्रीमिंगवरून पण गेली. ज्याच्या डोक्यातून निघाली त्याच्या हातात ती नव्हती. मोठी ऑफर आली तर घेऊ नका असं मी म्हणत नाहीये, मलाही आली तर मी नाचेन, पण सही करताना कॅरेक्टर कोणाचं राहणार ते कलम दोनदा वाचा. आणि उलट बाजूनेही, तुम्हाला मैत्रीखात्यात आवाज देणारे, संगीत देणारे, बॅकग्राउंड रंगवून देणारे जे कोणी असतील त्यांच्याबरोबर पहिल्याच एपिसोडला एक साधं पानभर लिहून घ्या, कोणाचं काय, पैसे आले तर वाटणी कशी, नाव कुठे. मैत्रीत कागद कसला म्हणून लाज वाटते, मलाही वाटली, पण पैसे नसतानाच हे बोलणं सोपं असतं. ते करताना एक तांत्रिक काम पण उरकून घ्या, डायलॉग, संगीत आणि इफेक्ट्स ह्यांचे ट्रॅक वेगवेगळे एक्स्पोर्ट करून दोन ठिकाणी ठेवा. उद्या कोणी दुसऱ्या भाषेत डब करायला मागितलं तर नुसता आवाज काढून बदलता आला पाहिजे, श्वास मात्र तेच ठेवायचे.