गणपतीला गावी आलेली सायकल आणि तिचं ४५ बाय ४५

यंदा गणपतीला येताना सायकल घेऊन आलो. घरच्यांनी वेड्यात काढलं आणि त्यांचं फार चुकलंही नाही, कारण नेदरलँड्समधल्या युट्रेक्टहून रत्नागिरीला सायकल आणायची म्हणजे आधी विमान, मग मुंबई, मग कोकण रेल्वेला चाकरमान्यांची ती गर्दी आणि त्यात माझी दरवाज्याएवढी बॅग. एका काकांनी विचारलं "मखर का रे?" मी हो म्हणालो, कोण समजावत बसणार.

सायकल जुनी, सेकंडहँड, एका डच आजोबांकडून ३५० युरोला घेतलेली. ऍल्युमिनियमची फ्रेम, पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, कार्बनचा. आजोबा म्हणाले होते फक्त उन्हाळ्यात चालवायचो, मी पण विश्वास ठेवला. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात आणि ते मिठाचं पाणी चाकावरून उडून बरोबर फोर्कच्या वरच्या टोकाला जाऊन बसतं, जिथे खालचा हेडसेट बेअरिंग असतो (हेडसेट म्हणजे हँडल आणि फोर्क फ्रेममध्ये फिरतात तो सांधा, त्याला वर एक आणि खाली एक असे दोन बेअरिंग). हे सगळं मला नंतर कळलं.

एक गोष्ट आधीच कळायला हवी होती खरंतर. युट्रेक्टमध्ये शाळेतली पोरं दोन्ही हात सोडून, सँडविच खात सायकल चालवतात (पूर्वी फोन बघत पण चालवायची, २०१९ पासून फोन हातात धरला की दंड आहे). मी कितीही प्रयत्न केला तरी हात सोडले की चार सेकंदांत सायकल एका बाजूला कलंडायची. दोन वर्षं मला वाटत होतं हे आपल्या रक्तातच नाही.

घरी पडवीत सायकल जोडली, पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं तर बरोबर मध्यावर, चाक सरळ असताना, टक. परत फिरवलं, परत टक. जणू आत खाच आहे आणि हँडल त्यात जाऊन बसतंय. आणि तसंच असतं ते. सायकल बहुतेक वेळ सरळच जाते ना, त्यामुळे छर्रे एकाच जागी बसून प्रत्येक खड्ड्याचा दणका तिथेच देत राहतात, ग्रीस सुकलेलं असलं की त्या जागी बारीक खड्डे पडतात. हात सोडून चालवताना हँडल सतत थोडं थोडं स्वतःहून वळावं लागतं, ते खाचेत अडकलं की झालं. म्हंजे माझ्या रक्ताचा काही दोष नव्हता!

उघडलं. वरचा बेअरिंग बोटाने निघाला, खालचा फ्रेमला धरून बसलेला. बाबांनी आतून लाकडी दांडका लावून चारी बाजूनी हळूहळू ठोकला तेव्हा निघाला, आणि त्यातून चहाच्या रंगाचं पाणी आलं. बाबा एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते, रिटायर होऊन सात वर्षं झाली. त्यांनी बेअरिंग कानाशी धरून फिरवला आणि म्हणाले, "हा मेला."

मला वाटलं सोपं आहे, नवीन मागवू. फोर्कची नळी सव्वाएक इंचाच्या थोडी आतली, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, २८.६ मिलिमीटर. ऑनलाइन तेच टाकलं, 'इंटिग्रेटेड हेडसेट बेअरिंग' असं लिहिलेलं मिळालं, फोटो सेम टू सेम, मागवला. चार दिवसांनी आला आणि फ्रेममध्ये टाकला तर खुळखुळतोय. कारण ते इंचाचं माप फक्त नळीचं, बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासाबद्दल ते काहीच सांगत नाही. आलेला होता ४१ मिलिमीटरचा, मला हवा होता ४१.८ चा. ०.८ मिलिमीटर, नखाएवढं पण नाही.

मग बाजारात बेअरिंगच्या दुकानात गेलो. दुकानदाराने जुना हातात घेतला, माप घेतलं, मागच्या फळीवरून खोका काढला, "६८०६ आहे हा, घेऊन जा." ३० आतून, ४२ बाहेरून, ७ जाडी. माझ्या जुन्यावर पुसट आकडे होते ३०.१५, ४१.८, ६.५. इतकं जवळ की मी पण फसलो, दोन घेऊन आलो.

बाबांनी बघितल्या बघितल्या बाजूला ठेवला. "ह्याची कड बघ, सरळ आहे. तुझ्या जुन्याची कड तिरकी कापलेली आहे." मग त्यांनी नीट समजावलं, आणि इतकी वर्षं इंजिनीअर म्हणवून घेतोय मी, मला हे माहीत नव्हतं. ६८०६ हा साधा बेअरिंग, बाजूने येणारा भार घ्यायला. हेडसेटला भार वरून खालून येतो, सगळं वजन आणि खड्ड्याचा दणका उभा. म्हणून त्यातले छर्रे तिरक्या वाटेवर बसवलेले असतात आणि बेअरिंगच्या बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही कडा पण तिरक्या. बाहेरची कड फ्रेमच्या तिरक्या बैठकीवर, आतली कड वरच्या बाजूला रिंगवर आणि खाली फोर्कवरच्या शंकूसारख्या रिंगवर. आपोआप मध्यात येऊन बसतो. "बसच्या पुढच्या चाकाला टेपर बेअरिंग असतो ना, त्यातलाच प्रकार," बाबा म्हणाले, "पूर्वी सायकलला सुटे छर्रे आणि कप-कोन असायचे, ते पण हेच करायचे."

तर त्या तिरक्या कडेचा कोन पण जुळायला लागतो. चुकून आलेल्या ४१ वर लिहिलेलं ३६ बाय ४५, म्हणजे आतली कड ३६ अंश, फ्रेमकडची ४५. माझ्या जुन्यावर कोनाचा आकडा गंजून गेलेला, नुसता एक ४ दिसत होता. बाबांनी काय केलं, कोणाच्यातरी पूजेच्या निमंत्रणपत्रिकेचा चौकोनी तुकडा कापला, कोपऱ्यातून तिरका दुमडला, झाला ४५ चा कोन. तो कडेला लावला आणि मागून टॉर्च. बाहेरून उजेड आला नाही. आतून लावला, तिथेही नाही. ४५ बाय ४५. चुकीच्या बेअरिंगला आतून लावला तर बारीक उजेडाची रेघ दिसली. दीड मिलिमीटरची कड आणि त्यावर कागद धरून डोळे बारीक करून बसलेले माझे बाबा, फोटो काढायला हवा होता.

हे ४१.८ आणि ४५ बाय ४५ इटालियन पद्धतीचं, कॅम्पाग्नोलो या सायकलचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीचं माप आहे. माझ्या फ्रेमला वर खाली दोन्ही सेम लागतात, बऱ्याच नवीन सायकलींना खालचा मोठा असतो त्यामुळे तिथे दोन वेगळी मापं घ्यावी लागतात. पुण्याच्या एका सायकलवाल्याला फोन करून सगळे पाच आकडे सांगितले, तो एकदम खूश, "असं कोणी सांगत नाही हो." कुरिअरने दोन नग, चौदाशे रुपये.

ग्रीसचा प्रश्न बाबांनी मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात सोडवला. त्यांचे एक दोस्त ट्रॉलरवर तांडेल आहेत, त्यांच्याकडून बोटीच्या शाफ्टचं ग्रीस डबीतून आणलं. खाऱ्या पाण्यात धुतलं जात नाही, चिकट, घट्ट. फ्रेमच्या बैठकीवर आणि कडांवर सढळ हाताने लावलं.

आवळायचं काम पण बाबांनीच केलं, मला हात लावू दिला नाही. स्टेमचे (हँडल फोर्कच्या नळीला धरून ठेवतो तो भाग) बाजूचे बोल्ट ढिले, वरच्या टोपीचा बोल्ट पाव पाव फेरा, दर वेळी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची. खडखड थांबली आणि पुढचं चाक उचललं की हँडल न अडकता स्वतःच्या वजनाने एका बाजूला वळतंय, बास, मग बाजूचे बोल्ट. टोपी फक्त जुळवण्यापुरती, पकड स्टेमची.

विसर्जनानंतर दोन दिवस पावसाने उघाडीप दिली, तेव्हा पहाटे आरे-वारेला गेलो. उतारावर सायकल वळणात अशी गेली की काय सांगू. येताना सपाट तुकड्यावर कोणी नाही बघून हात सोडले. चार सेकंद, दहा, वीस, मग समोरून वडाप आली.

सायकल परत बॅगेत गेलीय, डबीतलं उरलेलं ग्रीस बाबांनी दिलं नाही. दोन ६८०६ भाच्याने भिंगरी म्हणून पळवले. आणि परवा आईने फोनवर विचारलं की कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाखाली '३०.१५ - ४१.८ - ६.५ - ४५ - ४५' हे काय लिहून ठेवलंय, दूधवाला विचारत होता.