राजापूरचे प्राध्यापक आणि मते मागणारे शास्त्रज्ञ

राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ आता नाही. २००८ च्या पुनर्रचनेत तो रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नव्या मतदारसंघात सामावला गेला आणि २००९ पासून चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ व सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून एक खासदार निवडतात. जुन्या राजापूरने मात्र एक गोष्ट केली होती, जिची मला दर निवडणुकीत आठवण होते: त्याने भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाला सलग पाच वेळा लोकसभेत पाठवले.

मधू दंडवते मूळचे नगरचे. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केलेल्या महाविद्यालयात, ते अणुभौतिकी शिकवत. बॅरिस्टर नाथ पै यांनी १९५७ पासून सांभाळलेला राजापूर मतदारसंघ १९७१ च्या जानेवारीत त्यांच्या निधनाने पोरका झाला आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत, देशभर इंदिरा गांधींची लाट असताना, राजापूरने दंडवत्यांना निवडले. १९८४ मध्ये त्याहून मोठी लाट आली, तेव्हाही ते टिकले. १९९१ मध्ये मात्र हरले. प्रयोगशाळेतील संशोधनासाठी कोणी त्यांचे नाव घेत नाही, ते शिक्षक होते. पण मीही कुडाळजवळ कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्रच शिकवून निवृत्त झाले असल्यामुळे हा भेद मी फार ताणणार नाही.

कोकणात त्यांचे नाव निघते ते रेल्वेमुळे. १९७७ ते १९७९ या काळात ते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवण्याचा निर्णय त्यांचाच आणि २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबईहून हावड्याला निघालेली, वरचा वर्गच नसलेली गीतांजली एक्सप्रेस ही कल्पनाही त्यांचीच. कोकण रेल्वेचे काम मार्गी लागले ते मात्र ते अर्थमंत्री असताना. रेल्वेमंत्रालय तेव्हा जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पात या मार्गाला पैसा मिळणे शक्य नव्हते, म्हणून जुलै १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळचा प्रत्येकी ६ टक्के वाटा, उरलेली रक्कम कर्जरोख्यांतून, आणि सूत्रे अभियंते ई. श्रीधरन यांच्या हाती. ९० हून अधिक बोगदे खोदून, रत्नागिरीजवळ पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल बांधून, २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याला आरक्षण मिळत नाही ही तक्रार खरी आहे. परंतु ती तक्रार करायला आधी गाडी असावी लागते. (याच मतदारसंघातून पुढे निवडून आलेले सुरेश प्रभूही नंतर रेल्वेमंत्री झाले, हा योगायोग आमच्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितला जातो.)

या सगळ्यात भौतिकशास्त्र कुठे आले, असे कोणी विचारील. थेट कुठेच नाही. पण पैसा नाही या उत्तरावर न थांबता पैसा कोणत्या मार्गाने उभा राहू शकतो ते मांडून दाखवणे, आणि फळीवर रात्र काढणाऱ्याची पाठ हा धोरणाचा विषय मानणे, यात मला एका चांगल्या शिक्षकाची शिस्त दिसते.

शास्त्रज्ञ संसदेत असावेत, यावर आपल्याकडे कोणाचेच दुमत नसते. माझे म्हणणे थोडे पुढचे आहे: त्यांनी तिथे मते मागून जावे. राज्यघटनेच्या ८० व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींना राज्यसभेवर साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा या क्षेत्रांतील १२ सदस्य नेमण्याचा अधिकार दिला आहे. त्या वाटेने १९५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस, १९९७ मध्ये अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा, २००३ मध्ये अवकाशशास्त्रज्ञ कस्तुरीरंगन आणि २००७ मध्ये कृषिशास्त्रज्ञ स्वामीनाथन राज्यसभेत गेले. ही माणसे मोठी होती, याविषयी शंका नाही. पण त्यांपैकी कोणालाही एखाद्या वाडीतल्या खळ्यात बसून आपले म्हणणे पटवून द्यावे लागले नाही आणि न पटल्यास पाच वर्षांनी घरी जावे लागले नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण मेघनाद साहा यांचे. ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारे आयनीभवनाचे समीकरण त्यांनी १९२० मध्ये मांडले, म्हणजे जगभरच्या खगोलभौतिकीत त्यांचे स्थान पक्के होते. तरीही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते वायव्य कलकत्ता मतदारसंघातून अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून निवडून आले. निवडणुकीच्या खर्चासाठी त्यांनी आपल्या उष्णताविषयक पाठ्यपुस्तकाच्या प्रकाशकांकडे ५,००० रुपये आगाऊ मागितले होते. त्या पाठ्यपुस्तकाचा अभ्यास केलेल्या कोणालाही हे वाचून बरे वाटावे. लोकसभेत ते निर्वासितांविषयी बोलले, नद्यांच्या पुरांविषयी बोलले (१९४३ च्या दामोदरच्या पुरानंतर त्यांनी त्या खोऱ्याचा बारकाईने अभ्यास केला होता) आणि १९४८ च्या कायद्याने अणुऊर्जेच्या कारभारावर घातलेल्या गुप्ततेच्या पडद्यावर त्यांनी सरळ बोट ठेवले. १० मे १९५४ रोजी अणुऊर्जेवर लोकसभेत जी चर्चा झाली, तिच्यामागे त्यांचाच आग्रह होता. नेहरूंसमोर उभे राहून अणुशास्त्राविषयी प्रश्न विचारणारा खासदार स्वतः त्या विषयातला असणे, ही घटना आपल्या संसदेत फार वेळा घडलेली नाही. साहा १९५६ च्या फेब्रुवारीत, दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना कोसळले आणि त्यांचे निधन झाले.

ती चर्चा मला कोकणात बसून आठवते, त्याचे कारण जैतापूर. माडबनच्या सड्यावर (कातळी पठारावर) प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट, असा तो प्रस्ताव. त्यावरून इथे सभा झाल्या, मोर्चे निघाले आणि एप्रिल २०११ मध्ये नाटे या गावी पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मेला. या सगळ्या काळात लोक विचारत होते ते प्रश्न खरे तर भौतिकशास्त्राचे आणि जीवशास्त्राचे होते: यंत्रणा थंड करण्यासाठी घेतलेले समुद्राचे पाणी गरम होऊन परत सोडल्यावर खाडीच्या तोंडाशी मासळीचे काय होईल, भूकंपाचा धोका कसा मोजला, वापरलेले इंधन कुठे ठेवणार. समर्थक नेते व्यासपीठावरून नोकऱ्यांविषयी बोलत, विरोधक हिरोशिमाविषयी. पाण्याच्या तापमानाविषयी, म्हणजे मच्छीमाराने विचारलेल्या प्रश्नाविषयी, निवडणूक लढवणारे कोणीच नीट बोलले नाही. अधिकारी बोलले, पण त्यांना कोणाचे मत नको होते, आणि म्हणूनच लोकांना त्यांचे म्हणणे नको होते.

पश्चिम घाटाचेही असेच झाले, पण त्यात एक वेगळी कडी आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, तेव्हा तिने ग्रामसभांना विचारण्याचा आग्रह धरला होता आणि सिंधुदुर्गातील काही ग्रामसभांनी आपले गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्यावे असे ठराव स्वतःहून केले होते. त्यानंतर कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवून गावांची यादीच दिली आणि त्या यादीत आपले गाव कसे आले, हे गावांना कळेना. दोन्ही अहवाल शास्त्रज्ञांचेच होते. गाडगीळांनीही निवडणूक लढवली नाही, परंतु लोकांना विचारून मग लिहिण्याची त्यांची रीत ही मते मागणाऱ्या माणसाच्या रीतीला जवळची होती.

निवडणुकीला उभा राहिलेला शास्त्रज्ञ नेमका कसा वागतो, याचे एक चित्र माझ्या मनात पक्के आहे आणि ते बाल्टिक समुद्राकाठचे आहे. अँगेला मर्केल यांनी १९८६ मध्ये पुंज (क्वांटम) रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि पूर्व बर्लिनमधील विज्ञान अकादमीच्या संस्थेत त्या संशोधन करत होत्या. जर्मनीच्या एकीकरणानंतर २ डिसेंबर १९९० रोजी निवडणूक झाली, तेव्हा त्या समुद्राकाठच्या मतदारसंघातून उभ्या राहिल्या. आदल्या महिन्यात ऱ्युगेन बेटावरील लोबे या गावी मच्छीमारांच्या खोपटात बसलेल्या मर्केल यांचे एक छायाचित्र पुढे जगभर छापले गेले: धुरकट उजेड, बूट घातलेले थकलेले चार-पाच पुरुष आणि एका बाजूला गप्प बसलेली ही तरुण उमेदवार. तिथेही मासळीचा बाजार मोडला होता. त्या खोपटात त्यांनी काय आश्वासन दिले ते महत्त्वाचे नाही. रसायनशास्त्र शिकलेली बाई हेरिंग पकडणाऱ्यांचे ऐकून घेत बसली, आणि त्या मतदारसंघाने २०२१ पर्यंत दुसरा माणूस शोधला नाही.

अमेरिकेतही अशी माणसे आहेत. फर्मी प्रयोगशाळेत टॉप क्वार्क या मूलकणाच्या शोधात सहभागी असलेले बिल फॉस्टर २००८ मध्ये इलिनॉयमधून निवडून आले, तर प्लाझ्मा भौतिकीतले रश होल्ट न्यू जर्सीतून सोळा वर्षे प्रतिनिधी होते. दोघेही आपापल्या प्रयोगशाळेच्या परिसरातूनच उभे राहिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे असे का होत नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी सेवाशर्तींत आहे. केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ हा सरकारी नोकर असतो आणि १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार त्याला निवडणूक लढवणे तर सोडाच, प्रचारातही भाग घेता येत नाही. शिवाय घटनेचा १०२ वा अनुच्छेद सरकारी लाभाचे पद धारण करणाऱ्याला अपात्र ठरवतो. त्याने आधी राजीनामा द्यायचा, मग अर्ज भरायचा आणि पडल्यास परतीची वाट नाही. साहा विद्यापीठात होते, दंडवते महाविद्यालयात होते, आणि लोकसभेवर अनेकदा निवडून आलेले मुरली मनोहर जोशी हेही अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत, हा निव्वळ योगायोग नव्हे. विज्ञान शिकवणारे आम्ही शिक्षक सरकारला निवडणुकीत हवे असतो, पण ते मतदाराच्या बोटाला शाई लावण्यापुरते. मतदान केंद्राच्या टेबलामागून मी निवडणूक भरपूर पाहिली आहे.

समजा, कोणी राजीनामा दिलाच. लोकसभेसाठी अनामत २५,००० रुपये आहे (१९५२ मध्ये ती ५०० होती), अपक्षाला दहा सूचक लागतात आणि वैध मतांचा एक षष्ठांश भाग मिळाला नाही तर अनामत जप्त होते. हे जमण्यासारखे आहे. महाराष्ट्रात एका उमेदवाराला ९५ लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे, आणि पुस्तकाच्या मानधनावर तिथपर्यंत पोहोचणारा प्राध्यापक मला तरी माहीत नाही. तरीही पैशापेक्षा अवघड गोष्ट वेगळी आहे. पुरावा अपुरा असेल तर तसे सांगायची शास्त्रज्ञाला सवय असते आणि सभेला निकाल हवा असतो. 'ता सगळा खरा, पण आमी काय करूचा ता सांगा,' असे समोरून कोणीतरी म्हणणारच. त्यावर जो शास्त्रज्ञ आकडे फेकून मोकळा होईल, तो पडेल आणि पडावाही. परंतु जो आपल्याला काय ठाऊक आहे, काय नाही आणि तोवर कोणती खबरदारी परवडते हे मालवणीत सांगू शकेल, त्याला इथली माणसे ऐकतात. निदान वर्गात तरी ऐकत असत.

अशा उमेदवाराला विचारायचा पहिला प्रश्न माझ्याकडे तयार आहे, आणि तो बारसूच्या सड्यावर योजलेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी नाही, जरी एप्रिल २०२३ मधल्या तिथल्या माती परीक्षणाविषयी, किंवा २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत असलेल्या कोकणातल्या कातळशिल्पांविषयी, त्याने बोलायला हवेच. माझा प्रश्न तारली या मासळीचा आहे. तारली कधी अमाप मिळते, कधी किनाऱ्यावरून नाहीशी होते. त्यात समुद्राच्या तापमानाचा भाग किती आणि मासळीचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांचा किती, यावर अभ्यासकांतही वाद आहेत. पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, आणि तरी रात्री समुद्रात दिवे दिसतात. मालवणात किनाऱ्यावरून रापणीचे पारंपरिक जाळे ओढणारे म्हणतात की पर्ससीनवाल्यांनी समुद्र साफ केला; रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावर पर्ससीन नौकांवर काम करणारे म्हणतात की समुद्रच बदलला. दोन्ही ठिकाणी मतदार आहेत आणि दोन्ही एकाच मतदारसंघात आहेत. आतापर्यंतचे उमेदवार मालवणात एक आणि मिरकरवाड्यावर दुसरे बोलून निभावत आले. जो शास्त्रज्ञ दोन्ही जेट्टींवर तेच वाक्य बोलायला तयार असेल, त्याच्या अर्जावर दहा सूचकांपैकी एक सही माझी.