बाबांचं इंजिन आणि दर्यातले दिवे

डिसेंबरात मालवणला घरी होते. पहाटे तीनला बाबा उठले, म्हणून मीही किनाऱ्यावर गेले. अवसेचा काळोख, आणि लांब पाण्यावर मात्र पांढराफेक उजेड, तिथे एखादं गाव वसल्यासारखा. बाबा एवढंच म्हणाले, "बघ, दर्यात बाजार भरलो."

एलईडीचे दिवे होते ते. नौकेवर जनरेटर लावून पाण्यावर झोत सोडतात. मासळी उजेडाला धावते. मग पर्ससीन जाळ्याने अख्खा थवा घेरायचा आणि बटव्याची नाडी ओढावी तसा जाळ्याचा तळ आवळायचा. पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, भरलेली मासळी असो की बोटभर पिल्लं, काही सुटत नाही.

आमची रापण किनारा सोडत नाही. होडीने अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर वाळूतून चाळीस-पन्नास माणसांनी ओढायचे. मासळी किनाऱ्याला लागली तर चूल पेटणार. त्या सकाळी मीही दोर धरला, तळहात सोलवटले. जाळं वर आलं तेव्हा दोन टोपल्या तारली. एवढ्या माणसांत त्याचे वाटे काय पडणार?

पारंपरिक मच्छीमारांना आधुनिकीकरण नको असतं, असं कुणी म्हटलं की मला फार राग येतो. वल्ही मारून बाबांचा उजवा खांदा गेला होता. होडीला इंजिन बसलं आणि ते पुन्हा दर्यात जायला लागले. नायलॉनची जाळी, बर्फाची पेटी, मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज, सगळं आम्ही हौसेने घेतलं. एप्रिल 2025 मध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, तेव्हा भावाला वाटलं, आता स्वस्त कर्ज मिळेल, व्यापाऱ्याची उचल फिटेल. मिळावंच. पण जवळच्या पाण्यात मासळीच उरली नाही, तर त्या कर्जाचे हप्ते कशातून भरायचे?

एलईडी मासेमारीवर केंद्राची 2017 पासून बंदी आहे. 2021 मध्ये राज्याने कायदा सुधारून दंड लाखांत नेला. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांचं पाणी राज्याच्याच ताब्यातलं. तरी गस्ती नौका पोचेपर्यंत दिवे विझलेले असतात. रात्रभर दर्यात थांबणारी वेगवान नौका द्या, आणि हे जनरेटर बंदरातच उतरवून घ्या. नौका बंदरात येते तेव्हा ते सगळ्यांना दिसतात.

दुपारी बाबांनी इंजिन गोड्या पाण्याने धुतलं, फडक्याने पुसलं, वर गोणपाट टाकलं. पेट्रोल किती उरलंय ते झाकण उघडून पाहिलं आणि विचारलं, "उद्या येतलंस?"