आमची वाटचाल : कॅन्ससच्या माळावर

पश्चिम कॅन्ससमधलं हे पंपदुरुस्तीचं दुकान आम्ही चालू धंदा म्हणून घेतलं. शेड, क्रेनचा ट्रक, सुट्या भागांचा ढीग आणि एक लोखंडी कपाट. व्यवहारात कपाटाची किंमत कुणी धरली नव्हती. मला विचाराल तर खरा माल तोच. जुन्या मालकांच्या वडिलांनी पेन्सिलीने भरलेल्या बोअरच्या वह्या आहेत त्यात. किती फुटांवर चिकणमाती, कुठे वाळू, पाणी कुठे लागलं.

त्यांनी धंदा मांडला पन्नाशीच्या दशकातल्या दुष्काळात. तोवर रँचवर पाणी म्हणजे पवनचक्की आणि तिच्या बुडाशी गुरांची टाकी. कुरणं करपली तसे लोक बोअर मारून घरचा चारा पिकवू लागले. खाली आठ राज्यांत पसरलेला ओगलाला जलसाठा, वर खोल टर्बाइन पंप, आणि ह्यूगोटनच्या वायूक्षेत्रातला नैसर्गिक वायू इंजिनाला स्वस्तात. सुरुवातीला पाटातून सायफनच्या नळ्यांनी सऱ्या भरायचे. दारं धरायला इथेही माणूस मिळत नसे!

त्यावर तोड काढली कोलोरॅडोच्या फ्रँक झायबाक या शेतकऱ्याने. त्याच्या फिरत्या स्प्रिंकलरला १९५२ मध्ये पेटंट मिळालं. पुढे नेब्रास्कातल्या रॉबर्ट डॉगर्टींनी बनवायचे हक्क घेतले. चाकांवरचा पाव मैल पाईप मधल्या खुंटाभोवती फिरतो. १६० एकरांच्या चौकोनातले साधारण १३० भिजतात, कोपरे कोरडे. चढउताराची, रेताड जमीनही त्याने भिजवली. उपसा बेसुमार झाला तो तेव्हापासून.

आमचं काम बरोबर उलटं. उंचावरून फवारणारी तोंडं काढून पिकालगत लोंबत्या नळ्या बसवायच्या, मीटर लावायचे. पातळी बघायला आजही पोलादी टेपला निळा खडू फासून बोअरमध्ये सोडतो. भिजलेला खडू गडद दिसतो, तिथवरचं माप सोडलेल्या टेपमधून वजा केलं की झालं. मग वहीतला जुना आकडा शेजारी ठेवतो. गिऱ्हाईक गप्प बसतं.

१९४५ च्या कायद्याने इथे ज्याचा अर्ज आधी, त्याचा हक्क आधी. पण कागदावरचं पाणी बोअरमध्ये कुठून यायचं? शेरिडन भागातल्या शेतकऱ्यांनी २०१३ पासून पाच वर्षांत मिळून ५५ इंचच पाणी उपसायचं, म्हणजे भिजणाऱ्या शेतावर पसरलं तर ५५ इंच उभं राहील इतकंच, असं आपणहून ठरवून घेतलं. माझ्या मते या मुलखातलं ते सगळ्यात शहाणपणाचं काम.

बोअरचं मशीन आम्ही विकलं. कुणी विचारलंच, तर दुसऱ्या गावच्या माणसाचा नंबर देतो.