तुम्ही विचारलंत म्हणून: किम जोई एकच नव्हती

प्रबंध शेवटी एकटीलाच लिहायचा असताना मी दर गुरुवारची अख्खी संध्याकाळ दक्षिण कोरियातल्या सॉंगनाम शहरातील आमच्या वाचनगटात का घालवते, असे तुम्ही अनेकदा विचारता. उत्तर द्यायचे तर मला माझ्या एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल.

कोरियातील जोसॉन राजघराण्याच्या काळातील स्त्रियांनी राजाकडे मागितलेली दाद हा माझा विषय आहे. राजा जॉंगजोच्या कारकिर्दीत (१७७६ ते १८००) अशा लेखी अर्जाला सांगॉन म्हणत, आणि राजाची स्वारी जात असताना थाळा बडवून गाऱ्हाणे घालण्याला क्यॉकजेंग म्हणत. या दोन्हींचे सारांश ‘इलसॉंगनोक’ या अभिजात चिनीत लिहिलेल्या राजदैनंदिनीत सापडतात. तिथे मला ‘किम सोसा’ हे नाव वारंवार दिसू लागले, आणि कधी नवऱ्यासाठी, कधी जमिनीसाठी पुन्हा पुन्हा उभी राहणारी एक चिवट बाई मी मनात रचली. तिच्यावर बारा पाने लिहूनही झाली होती.

मूळ मजकूर मोठ्याने वाचून त्याचा अर्थ लावणे, म्हणजे कांगदोक, ही आमच्या गटाची पद्धत आहे. माझ्या पाळीला मी तीच नोंद वाचली. शेजारी बसलेल्या सॉनबेने, म्हणजे ज्येष्ठ सहाध्यायीने, मला वाक्य पूर्ण करू दिले आणि मग शांतपणे सांगितले की ही दोन अक्षरे एरवी ‘सोसा’ अशी वाचली जात असली तरी इदू या जुन्या कोरियन लेखनपद्धतीत त्यांचा उच्चार ‘जोई’ होतो, आणि ते नाव नसून सामान्य घरातील विवाहितेच्या किंवा विधवेच्या आडनावाला जोडण्याचा शब्द आहे. मला लगेच आपल्याकडचे ‘गं. भा.’ आठवले. ते नाव समजून कोणी साऱ्या विधवांची मिळून एक गंगाबाई करावी, तसेच मी केले होते.

कोणी हसले नाही. हानोईहून आलेल्या मैत्रिणीने आपली पाळी मला देऊ केली, आणि पुढचे तीन गुरुवार सर्वांनी गाव, नवऱ्याचे नाव व तक्रारीचे कारण ताडून पाहत माझ्या नोंदी वेगळ्या केल्या. किम जोई सहा निघाल्या. हीच चूक परीक्षकांनी दाखवली असती तर मी कदाचित विषयच सोडला असता. इथे मात्र तिच्यातून माझ्या प्रबंधाचे सर्वांत चांगले प्रकरण तयार झाले, कारण ‘मला हे कळले नाही’ असे म्हणायला या गटात कोणालाच संकोच वाटत नाही.

गेल्या वर्षी वडिलांच्या आजारपणात मी दोन महिने नाशिकला होते. सॉंगनामला सात वाजतात तेव्हा नाशिकला दुपारचे साडेतीन होतात. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी फोनवर त्यांचे वाचन ऐकत असे, आणि माझ्या पाळीची ओळ आली की ते माझ्यासाठी थांबून राहत.