जमीन माझ्या नावावर, हरणं राज्याच्या

"तुझी स्वतःची जमीन आहे ना आयोवात? मग हरीण मारायला परवाना कशाला लागतो?" अमेरिकेत शेतजमीन घेतलेले किंवा घ्यायच्या विचारात असलेले मराठी मित्र हे हमखास विचारतात. प्रत्येकाला फोनवर तेच पुराण लावण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकतो.

मी राहतो इलिनॉयमध्ये, शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात. जमीन आहे दक्षिण आयोवातल्या वेन काउंटीत, मिझुरीच्या हद्दीला लागून. कॉलेजपासूनच्या मित्राबरोबर भागीदारीत घेतली. निम्म्यात मका आणि सोयाबीन आलटूनपालटून, बाकी ओकचं रान, काटेरी झुडपं आणि मधून एक ओढा. शेत खंडाने दिलंय. आमचं कूळ म्हणजे शेजारच्या फार्मवरचा सत्तरीचा शेतकरी. तो आमच्याशी भाडेकरूसारखा वागत नाही. मालक तोच आणि आम्ही सुट्टीला आलेले पाहुणे, असाच त्याचा एकंदर आविर्भाव. आम्हालाही ते सोयीचंच आहे.

खरेदीच्या वेळी वकिलाने दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या. पहिली, आयोवात परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नाही, पण ग्रीन कार्ड असेल तर घेता येते. याचं मला काही वाटलं नाही. आपल्याकडेही कूळकायद्याचं 63 वं कलम बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही, आणि परदेशी स्थायिक झालेल्या माझ्यासारख्याला भारतात ती फक्त वारशाने मिळू शकते. दुसरी गोष्ट मात्र ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. तो म्हणाला, तुम्ही आयोवाचे रहिवासी नाही, तेव्हा या जमिनीवर मोठ्या शिंगांचा नर मारायचा तुमचा हक्क शिकागोतल्या कुठल्याही फ्लॅटवाल्याइतकाच.

कारण सरळ आहे. इथल्या कायद्याप्रमाणे रानातलं जनावर जमीनमालकाचं नसतं. ते जनतेचं, आणि राज्य सरकार त्याचं विश्वस्त. मारायची परवानगी राज्य देणार, आणि राज्य आधी आपल्या रहिवाशांकडे बघणार. यावर कोर्टकज्जे भरपूर झालेत. मोंटानातल्या एल्कच्या, म्हणजे एका थोराड जातीच्या हरणाच्या, शिकारीवरून झालेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली सांगून टाकलं की हौसेची शिकार हा काही मूलभूत हक्क नव्हे, परराज्यातल्या माणसाकडून जास्त पैसे घ्यायला हरकत नाही. तिथे रहिवाशाला एल्कचा परवाना 9 डॉलरला मिळत होता आणि बाहेरच्याला त्यासाठी 225 डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागत होता. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2013 मध्ये परराज्यातल्या जमीनमालकांच्या विरोधातच निकाल दिला. त्यामुळे "पण मी तिथे मालमत्ता कर भरतो" हा युक्तिवाद मनातल्या मनात करायला ठीक, बाहेर त्याला कुणी विचारत नाही.

प्रत्येक राज्याची तऱ्हा मात्र वेगळी. हद्दीपलीकडे मिझुरीत 75 एकर असतील तर बाहेरच्या मालकालाही सवलतीत परमिट मिळतं. आमच्या इलिनॉयमध्ये 40 एकरांच्या मालकाला, तो परराज्यातला असला तरी, स्वतःच्या जमिनीपुरतं परमिट देतात. आयोवाने हे दार बंद ठेवलंय. हरीण दिसायला मिळावं म्हणून लोक जिथे जमीन घेतात, तिथलाच कायदा सगळ्यांत कडक.

आता गंमत बघा. आयोवाचा रहिवासी शेतकरी, मग तो मालक असो वा कूळ, आपल्या शेतावरच्या हरणासाठी जवळजवळ फुकटात परवाना घेतो, नर किंवा मादी कुठलंही. म्हणजे आमच्या जमिनीवर आमचं कूळ दरवर्षी बिनबोभाट शिकार करतं आणि सात-बारा ज्यांच्या नावावर, ते दोघे लॉटरीत. कसेल त्याची जमीन हे आपण ऐकत मोठे झालो, इथे कसेल त्याचं हरीण. कुळाला हे सांगितलं तर तो इतका हसला की त्याच्या हातातल्या मगातली कॉफी सांडली.

रहिवासी का होत नाहीस, असंही काहींनी सुचवलं. सलग 90 दिवस तिथे खरोखर राहायचं, आणि तेच मुख्य घर असायला हवं. ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, कर कुठे भरता, सगळं तपासतात. नोकरी, बायकोची नोकरी आणि मुलाची शाळा इलिनॉयमध्ये ठेवून फार्मचा पत्ता लावायचा म्हणजे उघड खोटं. असे लोक पकडले जातात, आणि राज्यांचा आपसात करार असल्यामुळे एका राज्यात परवाना गेला की बाकीच्या राज्यांतही जातो.

तेव्हा रांगेत उभं राहिलो. आयोवा परराज्यातल्यांना कुठलंही हरीण मारता येईल असे 6,000 परवाने वर्षाला देतं. त्यातले तिरकमठ्याचे 35 टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. राज्याचे झोन पाडलेत, आमचा दक्षिणेकडचा झोन मागणीत पुढच्या रांगेत. अर्ज मेच्या सुरुवातीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, ऑनलाइन. नंबर लागला नाही तर एक अग्रक्रम गुण खात्यात जमा होतो आणि पुढच्या वर्षी जास्त गुणवाल्यांची चिठ्ठी आधी निघते. परवाना, शिकारीचं लायसन्स, रानातल्या प्राण्यांच्या अधिवासासाठीचं शुल्क सगळं धरून सहाशे डॉलरच्या वर जातं. पैसे भरूनही वाट बघायची, ही रीत आपल्या म्हाडाच्या सोडतीच्या जवळ जाणारी.

याआधी शिकारी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. 1 जानेवारी 1972 नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आयोवात ते सक्तीचं आहे. मला तो अभ्यासक्रम आवडला. बंदूक कायम भरलेली आहे असं समजून वागायचं, नळी कुणाकडे वळवायची नाही, सावजाच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय चापावर बोट न्यायचं नाही. मचाणावर चढताना आधी पट्टा बांधायचा. इथले लोक झाडाला लोखंडी शिडी आणि आसन लावतात, आपण त्याला मचाणच म्हणणार.

बंदुकीचं प्रकरण वेगळं. इलिनॉयमध्ये राज्य पोलिसांकडून ओळखपत्र काढल्याशिवाय बंदूक जवळ ठेवता येत नाही. मी नागरिक झालोय, त्यामुळे मला अडचण आली नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी मात्र नीट लक्ष द्यावं. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला संघराज्याचा कायदा मनाई करतो आणि शिकारीचा वैध परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. वकिलाला विचारल्याशिवाय मित्राची बंदूकसुद्धा हातात घेऊ नका.

मी निवडली ठासणीची बंदूक. आयोवात तिचा स्वतंत्र हंगाम असतो. ऑक्टोबरातला फक्त रहिवाशांसाठी, बाहेरच्यांसाठी डिसेंबरच्या उत्तरार्धापासून 10 जानेवारीपर्यंतचा. थंडीमुळे त्याला गर्दी कमी. पण निवडण्याचं खरं कारण घरचं. कुडाळजवळच्या आमच्या गावात आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की ते रात्री माळ्यावर जाऊन बसायचे, डुकरांसाठी. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, मग डुकरांची चंगळ. माझी बंदूक नवी, दारूच्या तयार गोळ्या आणि मागे टोपी बसवायची सोय, पण तोंडाकडूनच भरायची आणि गजाने ठासायची. गज खाली टेकल्यावर हाताला जो घट्टपणा जाणवतो, तो आजोबांनी एकदा माझा हात धरून दाखवला होता.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, थंय सरकारच सांगता हरणां मारा म्हणान?" तिच्या डोक्यात 1972 चा वन्यजीव कायदा आणि भेकर मारल्याबद्दल तुरुंगात गेलेले गावातले लोक. तिला समजावायला बराच वेळ लागला. इथे लांडग्यांसारखं हरणं खाणारं फार उरलं नाही, मका मात्र चिक्कार, त्यामुळे हरणं वाढतात, शेतात घुसतात, रस्त्यावर गाड्यांना धडकतात. माद्या मारल्या नाहीत तर संख्या आटोक्यात राहत नाही.

आणि इथेच परराज्यातल्या मालकाला एक फट सापडते. सोडतीत नंबर लागला नाही तर बिनशिंगी हरणाच्या, म्हणजे व्यवहारात मादीच्या, परवान्यासाठी त्याला अग्रक्रम मिळतो, आपल्याच जमिनीपुरता. मात्र जमिनीचे मालक अनेक असतील तर हा लाभ त्यांच्यातल्या एकालाच. भागीदार आणि मी यावर आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर भांडलो. शेवटी त्याच्या बायकोने निकाल दिला: एक वर्ष याचं, एक वर्ष त्याचं, आणि मटण दोघांचं. पहिलं वर्ष माझ्या वाट्याला आलं.

नाताळच्या सुट्टीत गेलो. पारा उणे पंधराच्या खाली, ओढा गोठलेला. कुळाने कापणी झालेल्या मक्याच्या कडेचं एक ओकचं झाड दाखवलं होतं. अंगात भगवं जाकीट, ते सक्तीचं. दुपारी तीनपासून मचाणावर बसलो. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बार काढता येतो, त्यामुळे सारखं घड्याळाकडे लक्ष. सूर्य टेकल्यावर झुडपांतून माद्यांचा एक कळप शेतात उतरला, बर्फ खुरांनी उकरून कणसांचे तुकडे शोधत. सगळ्यांत मोठी मादी आडवी होईपर्यंत थांबलो. बार काढल्यावर धुराने समोरचं काहीच दिसेना. धूर विरला तेव्हा शेत रिकामं.

रक्ताचा माग बर्फावर स्पष्ट होता, पण तो थेट कुंपणापलीकडे गेलेला. पलीकडची जमीन दुसऱ्याच्या मालकीची. आयोवाचा कायदा इथे समजूतदार आहे: जखमी जनावर दुसऱ्याच्या जमिनीत गेलं तर बिनहत्यारी माणूस ते आणायला जाऊ शकतो. बंदूक कुंपणाला टेकवून तारांखालून गेलो. मादी शंभरेक पावलांवर पडली होती, मान वळवून. पंधरा मिनिटांच्या आत आणि जागेवरून हलवायच्या आधी परवान्याचा टॅग पायाला बांधायचा असतो. बोटं इतकी बधिर झाली होती की दोरी दातांनी ओढावी लागली. तेवढ्यात कूळ ट्रॅक्टरचा दिवा लावून आला. पोट फाडून आतडी काढायची कशी, मूत्राशय न फोडता, हे त्याने एका हातात टॉर्च धरून शिकवलं. मी करत होतो, तो फक्त "हळू, हळू" म्हणत होता.

नोंद दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत ऑनलाइन करायची असते, ती रात्रीच केली. राज्याच्या निसर्ग संपदा विभागाच्या माणसाने मानेतल्या ग्रंथींचा नमुना नेला. हरणांना होणारा मेंदू झिजवणारा एक असाध्य आजार आयोवातल्या रानटी हरणांत 2013 च्या हंगामात पहिल्यांदा सापडला आणि आता आमच्या काउंटीतही आहे. बाधित हरणाचं मांस खाऊ नये असं सांगतात, म्हणून अहवाल येईपर्यंत सगळं फ्रीझरमध्ये. अहवाल चांगला आला. हे मांस अगदी बिनचरबीचं, मटणासारखं उकळत ठेवलं तर चामडं होतं. मालवणी मसाला, भाजलेलं सुकं खोबरं आणि रात्रभर दही, मग ठीक जमलं. ज्यांना नको असेल त्यांनी राज्याच्या भूकनिवारण योजनेत द्यावं. सहभागी खाटकाकडे हरीण सोडलं की खिमा करून अन्नपेढ्यांना जातो.

परराज्यातल्या मालकांना जमिनीपुरते परवाने द्यावेत अशी विधेयकं आयोवाच्या विधिमंडळात अधूनमधून येतात आणि पडतात. माझा भागीदार त्यासाठी आमदारांना पत्रं लिहितो. मी सही करत नाही. नराचा परवाना नुसत्या मालकीवर दिला, तर शिंगांसाठी जमिनी घेणारे शहरी लोक खंडाने कसणाऱ्याला आणि त्याच्या नातवाला त्या रानातून बाहेर काढतील. वेन काउंटीत भाव कसे चढलेत ते मी स्वतः बघितलंय, चढवणाऱ्यांत मीही आहे. मादीचा परवाना मात्र मालकाला आणि सगळ्या भागीदारांना बिनशर्त द्यायला हवा. माद्या कमी करायच्या आहेत असं राज्यच सांगतं, मग एका जमिनीवर एकालाच, ही कंजूषी कुणाच्या फायद्याची?

गुण साठले तसा एका जूनमध्ये माझा नंबरही लागला, कुठल्याही हरणाचा परवाना, आणि त्याला जोडलेला एक बिनशिंगीचा. तो हंगाम मी दोनदा नर बघितला आणि दोन्ही वेळा अंतर जास्त होतं. त्यातला मोठा कुळाच्या नातवाने नंतर मारला, आमच्याच ओढ्याकाठी, त्याच्या स्वतःच्या परवान्यावर. नंबर लागला की जमलेले गुण शून्यावर येतात, परवाना वापरला असो वा नसो. मेमध्ये पुन्हा अर्ज भरलाय.